माशांच्या उवा आणि मेहुण्यांची खुर्ची

माशाला उवा होतात हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर मी मधमाश्या पाळल्या असत्या. मधमाशी चावते, पण त्यात अब्रू जात नाही. गाल सुजलेल्या माणसाची लोक निदान चौकशी करतात. ज्याच्या माशांना उवा झाल्यात त्याच्याशी बोलताना लोक आधी त्याच्या डोक्याकडे बघतात आणि मग हळूच स्वतःचं डोकं खाजवतात.

मत्स्यव्यवसायाची मला लहानपणापासून ओढ होती वगैरे मी सांगणार नाही. मला ओढ नव्हती, धास्ती होती, आणि तीही माझ्या मेहुण्यांच्या खुर्चीची. ऑफिसात मी लेखनसामग्री विभागाचा प्रमुख होतो. संगणक आले तसा कागद गेला, कागदामागून टाचण्या गेल्या आणि टाचण्यांमागून मी. निरोपाच्या भाषणांचा अंमल अजून उतरला नव्हता, तेवढ्यात हिचे थोरले बंधू घरी आले. भर चौकात त्यांचं समोरून अख्खी काच असलेलं दुकान आहे. कमोड, वॉशबेसिन, बाथटब, नळ. "जावईबापू," ते म्हणाले, "घरी बसून माणूस गंजतो. काउंटरमागे एक खुर्ची रिकामी आहे. उद्यापासून या."

तो चौक माझ्या जुन्या ऑफिसच्या वाटेवर आहे. सकाळी अख्खं ऑफिस त्या काचेसमोर सिग्नलला थांबतं. ज्याच्याकडे मोठे साहेबसुद्धा एका पेन्सिलीसाठी अर्ज करायचे, तो माणूस दोन कमोडांच्या मध्ये बसलेला त्यांनी रोज बघायचा? आणि एखाद्या दिवशी साहेब स्वतःच आत आले आणि "यातलं बसायला बरं कुठलं?" म्हणाले, तर मी काय अनुभवाचे बोल सांगणार? मी घाबरलो. घाबरलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो. मी म्हणालो, "मला वेळ कुठे आहे? मी मासे पाळतोय."

आता बोललोच होतो, म्हटल्यावर मासे पाळणं भाग होतं. घर बांधायला घेतलेला आमचा प्लॉट कॉलनीच्या टोकाला पडून होता. पाया खणला तेव्हा तिथे पाणी लागलं होतं, त्यामुळे घर राहून गेलं आणि खड्डा तेवढा उरला. तो जरा रुंद केला, आत जाड प्लास्टिक अंथरलं, की झालं तळं. हिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ही शांतपणे ऐकते तेव्हा मला जास्त भीती वाटते. "एक हंगाम देते," ती म्हणाली. "व्यापारी येऊन मासे घेऊन गेला, तर तळं तुमचं आणि मी दादाला नाही म्हणून सांगेन. मासे नाही गेले, तर दादाची खुर्ची. मग कुरकुर चालणार नाही." मी कबूल झालो आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर 'मत्स्य उद्योजक' अशी कार्डं छापून घेतली. जातिवंत स्टेशनरीवाला दुसरं काय करणार.

मासे मी रीतसर विकत आणले. ते चांगलेच होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती कॅप्टनबद्दल. कॅप्टन आमच्या शेजारी राहतात आणि कॉलनीचे सेक्रेटरी आहेत. त्यांनी हयातभर एका धक्क्यावर होडीची तिकिटं फाडली. त्या पुण्याईवर, पाण्यात जे जे काही असतं त्याच्यावर शेवटचा शब्द त्यांचा, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलंय. त्यांच्या अंगणातला हौद त्यांना मोडायचा होता. हौदात डझनभर मासे होते. "घेऊन जा," ते म्हणाले. "तुमच्या माशांना जरा वळण लागेल." फुकट ते पौष्टिक या न्यायाने मी बादली घेऊन धावत गेलो. नवे मासे जुन्यांत सोडण्याआधी काही दिवस वेगळे ठेवून बघावेत, हे मला पुढे कळलं. पण घरी पाहुणा आला तर आपण त्याला आठवडाभर जिन्यात बसवतो का?

थोड्याच दिवसांत तळ्यात एक नवल सुरू झालं. मासे उड्या मारायला लागले. एकामागून एक, पाण्याबाहेर, चकचकीत. काही मासे तर कडेच्या प्लास्टिकला अंग घासत लाडात आल्यासारखे फिरायचे. मी कॅप्टनना बोलावून दाखवलं. त्यांनी पाठीमागे हात बांधून बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला, "आनंद. निव्वळ आनंद. मासा सुखात असला की उडतो. मी धक्क्यावरनं हेच बघत आलोय."

मला भरून आलं. माझ्या घरात माझ्यामुळे कुणी आनंदाने उड्या मारतंय, असा प्रसंग त्याआधी आलेला नव्हता. मी लगेच मेहुण्यांना आमंत्रण दिलं. ते आले, गाडीतून उतरले, आणि माशांनीही माझी लाज राखली, अगदी ठरवल्यासारखे उडाले. मी म्हणालो, "बघा, किती सुखी आहेत." मेहुण्यांनी "वा" म्हटलं. त्या एका "वा"साठी मी वर्षानुवर्षं त्यांच्या घरी गप्प बसून जेवलो होतो. जास्तच चेव येऊन मी जाळी घातली आणि त्यातल्या त्यात सुखी असा एक मासा उचलून त्यांच्या नाकासमोर धरला.

हिने चष्मा पुढे ओढला. माशाच्या कल्ल्याजवळ काहीतरी हललं. मसुरीच्या डाळीएवढं, चपटं, हिरवट, आरपार दिसणारं. मग पोटाखाली हललं, मग शेपटीजवळ.

"अहो," ही म्हणाली, "याच्या अंगावर उवा आहेत."

मेहुण्यांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले. वास्तविक त्यांनी माशाला हात लावलाच नव्हता. "होतं असं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "खुर्ची आहेच. गादी नवी बसवून ठेवतो."

घरी परतताना हिने मला बजावलं, "हे कुणाला सांगू नका. आपल्या घरात आजवर कुणाला उवा झालेल्या नाहीत." मी सांगितलं, की मासे आपल्या घरातले नाहीत, तळ्यातले आहेत. "पण आपले आहेत ना?" ती म्हणाली. मी कुणाला बोललो नाही. हीदेखील बोलली नाही, फक्त हिने समोरच्या वहिनींना तेवढं विचारलं, की तुमच्याकडे बारीक दातांची फणी आहे का. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने पिशवी दाराच्या कडीला अडकवून बेल वाजवली आणि पळ काढला. औषधाच्या दुकानदाराने उवांचा शाम्पू काउंटरवर ठेवला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "घाऊक पाहिजे का?" सल्ल्यांना तर ऊत आला. कुणी म्हणालं रॉकेल लावा. कुणी म्हणालं कापूर टाका. एका गृहस्थांनी गंभीरपणे सुचवलं, की सरळ गोटा करून टाकावा. मी विचारलं, कुणाचा? ते विचारात पडले.

कॅप्टनना मी फक्त एवढंच म्हणालो, की हे सगळं तुमचे मासे आल्यावर सुरू झालं. त्यांचा चेहरा लाल झाला. "आमच्या माशांना उवा? अहो शेजारी, आमच्याकडचे मासे खानदानी. तुमच्याच माशांची संगत नडली त्यांना." असे चोराच्या उलट्या बोंबा. वर, कॉलनीतल्या मुलांनी तळ्याकडे फिरकू नये, अशी सूचना त्यांनी फळ्यावर लावली. खडूने, मोठ्या अक्षरांत, माझ्या नावानिशी. खडू मीच कॉलनीला भेट दिलेला होता.

म्हटलं, हे असं चालायचं नाही, सरकारदरबारी जाऊ. मत्स्यविभागाच्या कचेरीत एक मोठी काचेची टाकी आहे. पूर्वी तिच्यात मासे असावेत, आता फायली आहेत. तिच्यामागे बसलेल्या अधिकाऱ्यांना मी कार्ड दिलं. त्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "तळ्याची नोंद आहे?"

"नाही."

"मग तळं नाही. तळं नाही म्हणजे मासे नाहीत. मासेच नाहीत, तर उवा कुणाला झाल्या?"

"मग नोंद करून घ्या."

"करू की. मासे रोगमुक्त असल्याचा दाखला आणा."

"तो कुठे मिळतो?"

"इथेच. आम्हीच देतो."

"मग द्या ना."

"देऊ कसा? उवा आहेत म्हणता ना तुम्ही?"

खरं सांगतो, मला राग आला नाही. कौतुक वाटलं. मीही आयुष्यभर 'जुनी पेन्सिल जमा केल्याखेरीज नवी मिळणार नाही आणि जुनी हरवल्याचा अर्ज पेन्सिलीने लिहिलेला चालणार नाही' असा कारभार चालवलेला. पण इतकी सफाई मला कधी साधली नव्हती. एका कलावंताने दुसऱ्याला करावा तसा मी त्यांना नमस्कार केला. त्यांनाही बहुतेक माझ्यातला जातभाई दिसला असावा. जाता जाता हळूच म्हणाले, "माझं ऐका, जनावरांच्या दवाखान्यात जा. तिथे नोंद लागत नाही."

तिथे नोंद लागत नाही, पण पेशंट लागतो. एक मासा बादलीत घालून, बादली स्कूटरवर पायांमध्ये धरून मी निघालो. वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला निम्मं पाणी माझ्या विजारीत उतरत होतं. दवाखान्यातल्या बाकावर माझ्या एका बाजूला एक दांडगा कुत्रा होता, दुसऱ्या बाजूला टोपलीत मांजर. मांजर आजारी होतं, मान टाकून पडलेलं होतं. बादलीकडे बघितल्यावर ते उठून बसलं. मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "कालपासून डोळा उघडला नव्हता हो," त्या म्हणाल्या, "जरा बादली जवळ ठेवाल का?" मी बादली लांब सरकवली, तर कुत्र्याने तिच्यात तोंड घालून पाणी प्यायला सुरुवात केली. भीक नको पण कुत्रं आवर, असं त्याच्या मालकाला मी म्हणालोसुद्धा, पण तो म्हणाला, "तहान लागलीय त्याला."

केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, पेशंटचं नाव? मी म्हणालो, मासा. लसीकरण? नाही. चावतो का? अजून तरी नाही. डॉक्टरांनी सवयीने माशाला आधी स्टेथोस्कोप लावला, मग स्वतःशीच ओशाळून तो काढला आणि भिंग घेतलं. "उवाच आहेत," ते म्हणाले. "माशाचं रक्त पितात. हा उडत असेल ना?"

"आनंदाने उडतोय असं वाटलं."

"खाज सुटल्यावर तुम्ही आनंदाने उडता का?"

पण डॉक्टर मोठे सज्जन. त्यांनी मला सगळं समजावून दिलं. ही ऊ अंडी पाण्यात सोडत नाही, कुठल्यातरी टणक वस्तूला चिकटवते. म्हणून तळ्यात लाकडी फळ्या उभ्या करायच्या. उवा त्यांच्यावर अंडी घालतील. मग फळ्या बाहेर काढून कडक उन्हात खडखडीत वाळवायच्या, की अंडी मेली. पुन्हा फळ्या आत. असं चिकाटीने करत राहायचं. मी विचारलं, "यावर औषध नाही का?" "आहे," ते म्हणाले, "पण प्रमाण जरा चुकलं तर आधी मासे जातात आणि मागून उवा." त्यांनी माझं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. "तुम्ही फळ्याच ठेवा."

फळ्या कुठून आणायच्या? लाकूडवाल्याकडे जाणं म्हणजे पुन्हा विकतचा कारभार. आमच्या मागच्या खोलीत पाहुण्यांसाठी एक पलंग आहे. पाहुणे काही रोज येत नाहीत. गादी खाली काढली, की पलंगाच्या फळ्या आपोआप सुटतात. गादी पुन्हा वर ठेवली, चादर ताणून घातली, की कुणाला काय कळतंय.

त्यानंतर मी नेमाने वागलो, हे माझे शत्रूही मान्य करतील. ऊन चढायला लागलं, की फळ्या काढायच्या, प्लॉटच्या भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि घरी जेवायला जायचं. दुपारची झोप काढून परत यावं, तर फळ्या तळ्यात. पहिल्यांदा वाटलं, मीच टाकल्या असतील आणि विसरलो असेन. दुसऱ्यांदाही तेच. माणसाला निवृत्तीनंतर विसराळूपणा येतो असं ऐकलं होतं. मी कुणाला न सांगता बदाम खायला सुरुवात केली. इकडे उवा कमी व्हायच्या ऐवजी वाढत होत्या. माशांच्या अंगावर लाल डाग पडले, खवले निघायला लागले. उडणंही बंद झालं. कडेला येऊन नुसते तोंड उघडत आणि मिटत राहायचे. मला ते बघवत नसे. खुर्ची तर डोळ्यांपुढे होतीच, पण आता त्याखेरीज मासेही डोळ्यांपुढे होते, आणि व्यापाऱ्याने यायचा दिवस जवळ आला होता. तो फोनवर स्पष्ट म्हणाला होता, "डागी माल मी उचलत नाही."

अशात हिची मावशी राहायला आली. मावशीबद्दल एवढंच सांगतो, की हिच्या माहेरच्या सगळ्या मुलांची डोकी तिच्या गुडघ्यांत धरली गेलेली आहेत. मेहुणेही त्यातून सुटले नाहीत. उवा, नाक वाहणं, खोटं बोलणं या तिन्हींवर तिचा हातखंडा. ती आली, मागच्या खोलीत गेली, पलंगावर बसली आणि गादीसकट खाली गेली. तिला वर काढल्यावर तिने फक्त एकच प्रश्न विचारला, "जावई, माझ्या पलंगाच्या फळ्या कुठे आहेत?"

"तळ्यात," मी म्हणालो. खोटं बोलून तिच्यापुढे उपयोग नव्हता.

ती हिला घेऊन तडक तळ्यावर आली. भिंतीला टेकलेली एक फळी तिने उचलली, उजेडात तिरकी धरली. लाकडावर पांढुरक्या ठिपक्यांच्या ओळीच्या ओळी होत्या. "ह्या लिखा," ती म्हणाली. "आणि ओल्या आहेत. वाळवता का नुसत्या हवा खायला बाहेर काढता?" मी म्हणालो, रोज वाळवतो, पण त्या आपोआप आत जातात. मावशीने माझ्याकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं. त्या दोघींची अशी नजरानजर माझ्या लग्नातही झाली होती. "तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "मी बसते इथेच."

मी जेवून परतलो, तेव्हा कॅप्टन तळ्याच्या काठावर उभे होते आणि मावशीने त्यांचं मनगट धरलेलं होतं. त्यांच्या काखेत आमची फळी होती.

"यात चुकलं काय?" कॅप्टन माझ्यावरच तापले. "स्वच्छ कॉलनी मोहीम चालू आहे. तुम्ही रोज या ओल्या फळ्या भिंतीला लावून निघून जाता. किती वाईट दिसतं ते. आता शेजारी अडचणीत आहे, त्याला कशाला बोलायचं, म्हणून मी आपला गुपचूप रोज त्या होत्या तिथे ठेवतो. कधी उपकाराची भाषा केली का?"

म्हणजे अंडी घालायला आम्ही उवांना पलंग दिला होता, आणि शेजारी रोज तो पुन्हा अंथरून देत होते. मी बाह्या सरसावल्या, पण कॅप्टनच्या चेहऱ्यावरचं समाधान इतकं निर्मळ होतं, की भांडायला जागाच सापडेना.

मावशीने मात्र सूत्रं हातात घेतली. "फळ्यांचं नंतर बघू. आधी अंगावरच्या काढायच्या," ती म्हणाली. "एकेकाला घ्या." मी म्हणालो, मावशी, शंभरावर मासे आहेत. "कॉलनीत बायका किती आहेत?" ती म्हणाली. तिने मेहुण्यांना फोन केला. दुकानात ज्यांच्यासमोर गिऱ्हाइकं चळचळा कापतात, ते मेहुणे फोनवर नुसतं "हो मावशी, आणतो मावशी" करत होते. टेम्पोतून एक टवका उडालेला बाथटब आला आणि पाण्याच्या नव्या टाक्या आल्या. बाथटबमध्ये मिठाचं पाणी केलं. मासा त्यात थोडा वेळ ठेवला, की उवांची पकड सैल होते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतंच. मग ओल्या पंच्यात गुंडाळलेला मासा मांडीवर घ्यायचा आणि चिमट्याने एकेक ऊ टिपायची. झाला, की टाकीतल्या स्वच्छ पाण्यात. तोवर पुरुषमंडळींनी तळं उपसून, प्लास्टिक घासून उन्हात सुकवायचं. कॅप्टनना मावशीने सगळ्यात खरखरीत खराटा दिला.

आणि एक चमत्कार घडला. जी कॉलनी माझ्यापासून चार हात लांब उभी राहत होती, ती स्टुलं घेऊन तळ्यावर जमली. कारण ऊ दुरून किळसवाणी असली, तरी हातात चिमटा आला, की माणसाला दुसरं काही सुचत नाही. "ती बघ, ती बघ, कल्ल्याखाली गेली," असा गलका चालू झाला. आणि उवा काढताना तोंड बंद ठेवायचं कसं, हे आमच्याकडे कुणालाच शिकवलेलं नाही. समोरच्या वहिनींनी आपल्या सुनेचं सगळं गाऱ्हाणं एका जाड्या माशाला सांगितलं. तो मध्ये बोलत नाही, म्हणून तो त्यांना फार आवडला. "हलू नकोस रे, झालंच आता," असं ज्याला त्याला चाललेलं. मेहुणे टेम्पो घेऊन परत जायचे होते, ते बाही सारून बसले. त्यांच्या मांडीवर सगळ्यात मोठा, एका डोळ्याने अधू असा मासा होता. ते त्याला शेठ म्हणत होते. ही एका बारक्या, सारख्या निसटणाऱ्या मासोळीशी माझ्याबद्दल काहीतरी बोलत होती. मी जवळ गेलो तशी दोघी गप्प झाल्या.

काम आठवडाभर चाललं, तळं घासून झाल्यावर मीही चिमटा घेऊन बसलो. शेवटचा मासा नव्या पाण्यात गेला, फळ्या माझ्या पहाऱ्यात खडखडीत वाळल्या, आणि मासे सुधारले. डाग भरून आले, खवल्यांवर पाणी चढलं. सगळे गुण्यागोविंदाने पोहत होते, एकही उडत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मी हातात घेतलेलं काम तडीस गेलं होतं. मेहुण्यांच्या काचेत आता दुसऱ्या कुणालातरी बसवा, असं मी आरशासमोर उभं राहून दोनतीनदा म्हणूनही घेतलं.

व्यापारी बर्फ भरलेला ट्रक घेऊन आला. त्याने एक मासा उचलला, उलटा केला, सुलटा केला. "इतका साफ माल मी बघितला नाही," तो म्हणाला. "सगळे घेतो. घाला जाळं."

कॉलनी काठावर जमलेली होती. मला वाटलं, माझं कौतुक बघायला आलेत.

"सगळे म्हणजे?" समोरच्या वहिनींनी विचारलं. "तो जाड्या पण?"

"सगळेच," व्यापारी म्हणाला.

"त्याला नाही नेता येणार," वहिनी म्हणाल्या. "त्याला आमच्या घरातलं सगळं माहितीये."

मग हळूहळू एकेकाला कंठ फुटला. ही माझी, तो आमचा, कल्ल्यावर पट्टा असलेला तर मुळीच नाही. कॅप्टन खराटा खांद्याला लावून तळ्याच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या हौदातले बारा जण खानदानी आहेत, बाजारात जाणार नाहीत. मी हताश होऊन मेहुण्यांकडे बघितलं. निदान त्यांना तरी व्यवहार कळतो. मेहुणे नाक शिंकरत होते. "बाकीचे न्या हवं तर," ते म्हणाले, "पण शेठ राहू दे." मावशी स्टुलावर बसली होती. ती व्यापाऱ्याला म्हणाली, "ज्याच्या उवा काढल्या त्याला विकत नाहीत रे बाबा."

व्यापाऱ्याने माझ्याकडे बघितलं. "मालक कोण आहे इथे?"

मी खिशात हात घातला, कार्ड काढलं आणि पुढे झालो. कुणी काही म्हणो, तळं माझं होतं. जाळं हातात घेतलं. खुर्ची आणि मी यांच्यामध्ये फक्त ते एक जाळं होतं. मी हिच्याकडे पाहिलं. हंगामाची अट हिचीच होती, ही तरी माझ्या बाजूने बोलेल. हिचे डोळे भरले होते. ती फक्त म्हणाली, "घाला तुम्ही जाळं. मी तुम्हाला कबूल केलं होतं."

मी वाकलो. पाण्यात सावली पडल्याबरोबर मासे सरळ माझ्याकडे आले, सगळेच्या सगळे, आणि कडेला येऊन तोंड उघडून थांबले. दुखत असताना थांबत होते तसेच. माझ्या हाताची त्यांना भीती वाटेनाशी झाली होती. याच हाताने मी त्यांच्या उवा काढल्या होत्या.

मी उभा राहिलो आणि व्यापाऱ्याला म्हणालो, "माफ करा. घरचेच आहेत."

आता मी मेहुण्यांच्या दुकानात बसतो. शंभरावर माशांचा खुराक काही आकाशातून पडत नाही. सकाळी सगळं ऑफिस काचेसमोर सिग्नलला थांबतं, आणि मी नळांची किंमत बघतोय असं दाखवतो. परवा मोठे साहेब आत आलेच. दोन्ही कमोडांवर बसून बघितलं आणि मला म्हणाले, "वा, निवृत्तीनंतरसुद्धा काम करताय." मी काय सांगणार त्यांना. आमच्या घरातले निवृत्त तळ्यात असतात.